धोंड्याला एक मिनिट उशीर

माझे सासरे आयुष्यात कधी उशिरा पोचलेले नाहीत, आणि याचा त्रास त्यांच्यापेक्षा आम्हा बाकीच्यांना जास्त झाला आहे. गाडी दहाला सुटणार असेल तर हे साडेआठला स्टेशनवर. दवाखान्यात हे डॉक्टरच्या आधी हजर, त्यामुळे डॉक्टरच यांना विचारतात, “काय, आज कुणी आलंय का?” लग्नाआधी मी त्यांना पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा सात मिनिटं उशिरा पोचले. दार उघडून त्यांनी आधी मागे वळून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं आणि म्हणाले, “आठ मिनिटं.”

“सातच,” मी म्हटलं. मी गणिताची शिक्षिका आहे, आकड्यांत हार मानत नाही.

“आमच्याकडे आठ,” ते म्हणाले, आणि मग आत या म्हणाले.

त्या घरातली वेळ जगापेक्षा एक मिनिट पुढे असते हे मला लग्नानंतर समजलं. स्वयंपाकघरातलं घड्याळ, बाहेरच्या खोलीतलं, गजराचं, बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, मनगटावरचं, सगळी बरोब्बर एक मिनिट पुढे. घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवणारे लोक असतात, मला ठाऊक आहे. माझं अख्खं माहेर तसं आहे, आणि मनातल्या मनात पाच वजा करून सगळे निवांत उशिरा जातात. बाबांचं म्हणणं असं की पाच मिनिटं म्हणजे उघड थाप, तिला कुणी फसत नाही. एक मिनिट कुणी वजा करत बसत नाही, म्हणून ते उपयोगी पडतं. गल्लीत त्यांना सगळे मिनिटकाका म्हणतात. मी या घरात आले आणि वरातीमागून घोडं कसं येतं ते त्यांना रोज घरबसल्या बघायला मिळू लागलं.

बाबा कॉलेजच्या वेधशाळेत मदतनीस आहेत. वेधशाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी भव्य येतं. आमची वेधशाळा म्हणजे कॉलेजच्या गच्चीवरचा पत्र्याचा घुमट. चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून जायचं, शेवटच्या बारा लोखंडी आणि एक गायब. घुमट हातानं चाक फिरवून वळवायचा, त्याची झडप दोर ओढून उघडायची. आत माणसाएवढी दुर्बीण, तिला मागून कॅमेरा जोडलेला. खालच्या खोलीत एक संगणक, एक कपाट, आणि भिंतीवर काचेच्या पेटीत मुख्य घड्याळ. इंटरनेटची तार दोनदा ओढली होती. दोन्ही वेळा उंदरांनी खाल्ली, आणि तिसऱ्यांदा कॉलेजनं उंदरांपुढे हात टेकले. तेव्हापासून फोटो आणि आकडे डबीएवढ्या ड्राइव्हवर घेऊन कुणीतरी खाली ऑफिसात जातं आणि तिथून पाठवतं. कुणीतरी म्हणजे बाबा.

त्या घुमटात बाबांना धरून माणसं दोनच. दुसऱ्या म्हणजे वेधशाळेच्या प्रमुख, त्यांना सगळे बाई म्हणतात. बुटक्या, चटपटीत, एक चष्मा नाकावर आणि एक डोक्यावर, आणि शोधत असतात तिसराच. त्यांचं काम धोंडे मोजायचं. सूर्याभोवती जे लहानमोठे खडक फिरतात त्यांना पुस्तकात लघुग्रह म्हणतात. बाबा धोंडेच म्हणतात आणि आता बाईही तेच म्हणू लागल्या आहेत. धोंड्याचा फोटो काढायचा. आजूबाजूचे तारे कुठे आहेत ते आधीच नेमकं ठाऊक असतं, तेव्हा त्यांच्यावरून धोंडा कुठे आहे ते मोजायचं, आणि फोटो किती वाजता काढला ते लिहून पाठवायचं. जगभरच्या अशा वेधशाळांची मोजमापं एका केंद्रात गोळा होतात आणि त्यातून धोंड्याचा रस्ता ठरतो. केंद्रानं प्रत्येक वेधशाळेला एक क्रमांक दिलेला असतो. आमच्या पत्र्याच्या घुमटालाही आहे. तो बाबांनी दारावर ऑइलपेंटनं लिहून ठेवलाय, आणि पुसट झाला की पुन्हा लिहितात.

गोष्ट सुरू होते ती या क्रमांकावर गदा आली तिथून. केंद्राचं पत्र आलं की तुमच्याकडचे धोंडे नेहमी किंचित मागे पडलेले दिसतात. फरक अगदी थोडा आहे, पण वर्षानुवर्षं आहे. आम्ही दोनदा कळवलं. पुढची मोजमापंही अशीच आली तर तुमचा क्रमांक यादीतून काढावा लागेल. बाईंनी दुर्बीण तपासली, कॅमेरा तपासला, काचा पुसल्या. काही सापडलं नाही. तेवढ्यात प्राचार्यांना या पत्राचा वास लागला. ते स्वतः चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून वर आले, धापा टाकत घुमटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “क्रमांक गेला तर इथे पाण्याची टाकी छान बसेल. गोल आहेच.”

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. निवृत्तीला त्यांना चार महिने राहिले होते. “तीस वर्षं तिथं राबलो,” ते सासूबाईंना म्हणाले, “आणि माझ्यामागे तिथं टाकी?”

“अहो, टाकीलाही माणूस लागेल की,” सासूबाई म्हणाल्या. सासूबाई मनाच्या चांगल्या आहेत, फक्त त्यांचं सांत्वन जखमेवर मीठ चोळल्यासारखं असतं.

आणि मग तो धोंडा सापडला. दूरच्या कुठल्या वेधशाळेला दिसला आणि चारच दिवसांत आपल्या जवळून जाणार होता. चंद्र जितका लांब आहे त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावरून. पाचसहा मजली इमारतीएवढा, सेकंदाला दहा किलोमीटर वेगानं. पृथ्वीवर पडणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण ते ऐकायला कुणाला वेळ होता? टीव्हीवर लाल अक्षरं, मागे ढोल. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कुंड्यांना पाणी घालणं बंद केलं. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यानं गिऱ्हाइकांना निम्मी दाढी झाल्यावर विचारायला सुरुवात केली, “पुरी करू की राहू दे?”

बाबांनी त्याला समजावलं. मी तेव्हा मुद्दाम थांबून ऐकलं, कारण माझ्या वर्गात मलाही इतकं नीट जमत नाही.

“हात लांब कर. अंगठा वर. आता एक डोळा मीट. आता दुसरा मीट. अंगठा सरकला?”

“सरकला की!” सलूनवाला म्हणाला. दुसऱ्या हातात वस्तरा होता आणि त्याखाली पोस्टमन होता.

“तुझे दोन डोळे म्हणजे दोन गावच्या वेधशाळा. अंगठा म्हणजे धोंडा. तो किती सरकला यावरून किती लांब आहे ते निघतं. अंगठा नाकाजवळ आण, जास्त सरकेल.”

“अन् अंगठा सरळ डोळ्यातच गेला तर?”

“म्हणूनच मोजायचं ना,” बाबा म्हणाले. पोस्टमन तेवढ्यात उठून अर्ध्या दाढीनिशी निघून गेला होता.

बाईंच्या मते ही शेवटची संधी होती. एरवीचे धोंडे इतके लांब असतात की तासभर बघत बसलं तरी जेमतेम हलतात. हा मात्र एका मिनिटात अर्ध्या चंद्राएवढं आभाळ कापणार होता. फोटोत तो ठिपका दिसत नाही, ओरखडा दिसतो. तो नीट मोजला तर केंद्राची खात्री पटेल. शिवाय परदेशातली अँटेनाची एक मोठी तबकडी त्याच्यावर रेडिओच्या लहरी सोडणार होती. लहर जाऊन आपटून परत यायला सेकंदभरही लागत नाही, आणि त्या वेळावरून अंतर अगदी मीटरमध्ये कळतं. “म्हणजे आपण चुकलो तर लगेच उघडे पडणार,” बाई म्हणाल्या. “आणि बरोबर असलो तरी लगेच कळणार. घोडामैदान जवळच आहे, काका.”

मला तो बघायचा होता, म्हणून मीही गेले. धोंडा सात वाजून वीस मिनिटांनी यायचा होता. मला बाबांनी साडेसहाला बोलावलं होतं. मी सात वाजून सहा मिनिटांनी पोचले. बाबा खालच्या खोलीत होते. त्यांनी मुख्य घड्याळाकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत, यावरूनच प्रसंग किती गंभीर आहे ते मी ओळखलं. फोन दारातल्या डब्यात ठेवायचा नियम आहे, त्याच्या उजेडानं फोटो बिघडतो. मी ठेवला. मग बाबांनी रोजच्या कामाप्रमाणे मुख्य घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर रोखली, ओठ हलवत मोजलं, आणि संगणकाची वेळ लावली. संगणकावर पाटी चिकटवलेली आहे: ‘संगणकाची वेळ रोज मुख्य घड्याळाप्रमाणे लावावी.’ बाबा अकरा वर्षं ती पाळत आले आहेत. पाटी म्हणजे पाटी.

वर बाईंनी दुर्बीण एका ताऱ्यापाशी रोखून ठेवली होती. धोंड्याच्या मागे धावायचं नाही, त्याच्या वाटेत दबा धरून बसायचं, असा बेत होता. बरोबर सात वीसला त्यानं त्या ताऱ्याला खेटून जायचं. बाबा चाकावर हात ठेवून उभे. मी कोपऱ्यात, एका स्टुलावर, कबुतराच्या एका पिसाशेजारी.

“सात एकोणीस,” संगणकाला जोडलेल्या छोट्या पडद्याकडे बघत बाई म्हणाल्या. “पन्नास. पंचावन्न. वीस!”

काही नाही. तारा होता, धोंडा नव्हता.

“वीस आणि दहा... वीस आणि वीस...” बाईंचा आवाज खाली जायला लागला. “काका, घुमट आड येतोय का?”

“नाही.”

“वीस आणि चाळीस...”

बाबांचा श्वास मला ऐकू येत होता. आणि मग बाई किंचाळल्या. आला! पडद्याच्या कडेनं एक बारीक पांढरा ओरखडा, मग दुसरा, मग तिसरा, प्रत्येक फोटोत पुढे पुढे. ताऱ्याला खेटून गेला तेव्हा पडद्यावर सात एकवीस वाजले होते. बाई हसत होत्या आणि डोक्यावरचा चष्मा खाली पडला तरी त्यांना कळलं नाही. मीही टाळ्या वाजवल्या. पृथ्वीशेजारून जाणारी एवढी मोठी वस्तू आपल्या पत्र्याच्या घुमटातून दिसली याचा मला खरंच आनंद झाला होता.

बाबा तेवढे खूश नव्हते. “उशीर केला त्यानं,” ते म्हणाले.

“काका, तो चार दिवसांपूर्वी सापडलाय. रस्ता थोडा इकडेतिकडे असतोच.”

“तरीपण,” बाबा म्हणाले. “एक मिनिट म्हणजे एक मिनिट.”

परत येताना पायऱ्या उतरत असताना त्यांनी धोंड्याला जे काही सुनावलं त्यातलं बरंचसं मला उद्देशून होतं असं मला अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळीच बाईंचा फोन आला. बाईंचा आवाज फोनमधून अख्ख्या घराला ऐकू येतो. बाकी सगळ्या वेधशाळांचे आकडे आले होते. सगळे एका रेषेत, तबकडीचे आकडेही त्याच रेषेत. धोंडा अगदी ठरल्या वेळी गेला होता. सगळ्या जगासमोरून वेळेवर गेला आणि फक्त आमच्यासमोरून एक मिनिट उशिरा. केंद्रानं विचारलं होतं की तुम्ही नक्की तोच धोंडा पाहिलात ना. बाई रडकुंडीला आल्या होत्या. “सहाशे किलोमीटरचा फरक, काका! मिनिटाला तो सहाशे किलोमीटर जातो! आपण त्याला सहाशे किलोमीटर मागे दाखवलंय!”

फोन ठेवून बाबा टेबलाशी बसले. रागानं त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. “मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं,” ते म्हणाले. “सेकंदकाट्यावर डोळा ठेवून वेळ लावली होती. उशीर त्यानंच केला. बरोब्बर एक मिनिट!”

मी चहा ओतत होते. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून सोळा मिनिटं झाली होती आणि माझ्या फोनवर नऊ पंधरा. माझा हात थांबला आणि चहा बशीत, बशीतून टेबलावर गेला.

“बाबा,” मी म्हटलं, “वेधशाळेतलं मुख्य घड्याळ... तेही पुढे आहे का?”

“म्हणजे काय? आहेच.”

“किती?”

“एक मिनिट. रोज दुपारी बाराला रेडिओच्या ठोक्यावर तपासतो. त्यात इकडचं तिकडे होणार नाही.”

सासूबाई बशी पुसायला आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. मला सांगा, रोज उशिरा येणाऱ्या सुनेनं कधीच उशीर न करणाऱ्या सासऱ्याला कुठल्या तोंडानं सांगावं की बाबा, अकरा वर्षं आभाळातला प्रत्येक धोंडा तुमच्या घड्याळामुळे उशिरा येतोय? मी सांगितलं, कसंबसं. घड्याळ एक मिनिट पुढे, म्हणून फोटोवरची वेळ एक मिनिट पुढची, म्हणून त्या वेळी धोंडा जिथं असायला हवा तिथं तो नव्हता, एक मिनिट मागे होता. लांबचे धोंडे एका मिनिटात हलतच नाहीत, म्हणून फरक किंचित दिसायचा. हा पळत होता, म्हणून उघडा पडला.

बाबा ऐकत होते. “पण ते मिनिट माणसांसाठी होतं,” ते शेवटी म्हणाले. “माणसांनी वेळेवर यावं म्हणून. फोटोवर वेळ घालतात ती मला वाटलं... पत्रावर तारीख घालतात तशी.”

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण बाबांच्या बाबतीत ते मला तेव्हा म्हणवलं नाही. त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला होता की मला स्वतःचाच राग आला. टाकीची भीती त्यांना सगळ्यात जास्त होती, आणि ती टाकी त्यांनीच बोलावली होती.

सासूबाई म्हणाल्या, “अहो, कुणाला सांगू नका. घड्याळ गुपचूप मागे करा.”

बाबा उठले, चपला घातल्या. “मी बाईंकडे जातो,” म्हणाले. मीही निघाले. रस्त्यात त्यांनी एकदाही मनगटाकडे पाहिलं नाही.

बाई खालच्या खोलीत कागदांच्या ढिगाऱ्यात बसल्या होत्या. बाबांनी उभ्यानंच सांगितलं. घड्याळ एक मिनिट पुढे आहे, मी मुद्दाम ठेवतो, संगणकालाही तेच लावतो. बाईंनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या फोनकडे, मग संगणकावरच्या पाटीकडे.

“ही पाटी माझ्या अक्षरात आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “आणि ते घड्याळ पुढे असतं हे कॉलेजातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मलाही. काका, अकरा वर्षं माझ्याही डोक्यात आलं नाही हो. काखेत कळसा आणि...” त्या खुर्चीत मागे टेकल्या. “संपलं. अकरा वर्षांचे चार हजार आकडे. घड्याळ कधी किती पुढे होतं कुणाला ठाऊक? आता सगळे फेकून द्यायचे.”

“किती पुढे होतं म्हणजे?” बाबांना हा प्रश्न अपमानासारखा लागला. “एक मिनिट! रोजचं लिहिलंय.”

त्यांनी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून, वंगणाच्या डब्यांमागून, वह्या काढायला सुरुवात केली. एकोणतीस वह्या. कडा काळपट, पानांना तेलाचा वास. प्रत्येक पानावर तारीख आणि एक ओळ. ‘दुपारी बारा, रेडिओ. घड्याळ एक मिनिट पुढे. अर्धा सेकंद जास्त, काढला.’ ‘एक मिनिट पुढे. ठीक.’ ‘एक मिनिट पुढे. पाव सेकंद कमी, घातला.’ एकही दिवस सुटलेला नव्हता. ज्या दिवशी माझं लग्न होतं त्या दिवशीचंसुद्धा होतं. लग्नात ते दुपारी तासभर कुठे गायब झाले होते ते मला तेव्हा कळलं.

बाईंनी चष्मा लावला, काढला, दुसरा लावला. “काका,” त्या म्हणाल्या, “तुम्ही चुकलात, पण इतक्या नेमकेपणानं चुकलात की...” त्यांनी कागद ओढला. मी शेजारी बसले. कालच्या सगळ्या वेळांतून एक मिनिट वजा केलं आणि आमचे ओरखडे पुन्हा मांडले. ते इतरांच्या रेषेवर जाऊन बसले. रेषेच्या जवळपास नाही, रेषेवर. बाईंनी हिशेब दोनदा केला, मी तिसऱ्यांदा केला. मग बाईंनी टेबलावर जी थाप मारली तिनं कपाटावरून एक वंगणाचा डबा खाली आला.

आता केंद्राला कळवायचं होतं. बाई पटापट लिहू लागल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या. “आमच्या संगणकाच्या घड्याळात तांत्रिक दोष असल्याचं आढळलं...”

“दोष नव्हता,” बाबा म्हणाले.

“काका, झाकली मूठ सव्वा लाखाची. तांत्रिक दोष लिहिलं की कुणी काही विचारत नाही. चार महिन्यांवर निवृत्ती आलीय तुमची. कशाला उगीच हात दाखवून अवलक्षण?”

“बाई, माझं नाव लिहा.”

“अहो, पण कशाला?”

बाबा खुर्चीवर बसले. त्या खोलीत मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मिनिटाची गोष्ट आम्हा सगळ्यांना घरी ऐकून पाठ होती: जुने प्रमुख, मोठे सर, एकदा उशिरा आले आणि एक मोठं निरीक्षण हुकलं, तेव्हापासून बाबांनी घड्याळ पुढे ठेवलं. बाबांनी ती आता पुन्हा सांगितली, आणि ती वेगळी होती.

एक धोंडा एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तारा नऊ सेकंद विझणार आणि त्या नऊ सेकंदांवरून धोंडा केवढा रुंद आहे ते कळणार. मोठे सर दोन वर्षं त्या संध्याकाळची वाट बघत होते. किल्ली बाबांकडे होती. घरी माझा नवरा, तेव्हा चार महिन्यांचा, तापानं फणफणला होता. बाबा त्याला सोडून निघू शकले नाहीत, आणि निघाले ते धावत. घुमटाशी पोचले तेव्हा सर कुलूपबंद दारासमोर लोखंडी पायरीवर उभे होते आणि नुसत्या डोळ्यांनी आभाळाकडे बघत होते. तो तारा नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही.

“तारा विझून परत उजळला होता. चाळीस सेकंद उशीर झाला होता मला,” बाबा म्हणाले. “सर एक शब्द बोलले नाहीत. बाळ कसंय एवढंच विचारलं. आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘मला यायला उशीर झाला, निरीक्षण हुकलं.’ मला म्हणजे त्यांना. मी वाचलं आणि गप्प बसलो. नवीन नोकरी होती, भीती वाटली. लोक त्यांना चिडवायचे नंतर, ते हसायचे. ते गेले तरी मी गप्पच. घरीसुद्धा तीच खोटी गोष्ट सांगितली.” त्यांनी बाईंच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. “एकदा माझी चूक दुसऱ्यानं स्वतःच्या नावावर घेतली. आता ती संगणकाच्या नावावर नको. पूर्ण नाव लिहा.”

बाईंनी आधीचा कागद फाडला. नवा घेतला आणि त्यावर बाबांचं पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा मदतनीस. खाली स्वतःचंही लिहिलं, पाटी माझी होती म्हणून. बाबांनी हरकत घेतली, बाईंनी ऐकलं नाही. वह्यांच्या प्रती जोडल्या, आणि बाबा ड्राइव्ह घेऊन खाली ऑफिसात गेले.

केंद्राचं उत्तर यायला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत प्राचार्य दोनदा मोजपट्टी घेऊन वर येऊन गेले. उत्तर आलं ते असं की क्रमांक कायम. अकरा वर्षांच्या चार हजार वेळांतून एक मिनिट वजा करून सगळे आकडे पुन्हा घेतले आहेत, आणि रोजच्या नोंदी इतक्या नीट असल्यामुळेच ते शक्य झालं. जगभरच्या वेधशाळांना जाणाऱ्या पत्रकातही हे छापलं होतं, बाबांच्या नावासकट. बाबांनी त्याच्या प्रती काढल्या आणि वाटत सुटले. सलूनवाल्याला दिली, वरच्या काकूंना दिली.

“म्हणजे तुम्ही चुकलात हे अख्ख्या जगात छापून आलं?” सलूनवाल्यानं विचारलं.

“अख्ख्या जगात,” बाबा म्हणाले. आपल्या चुकीवर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी त्यांनी मला शाळेतून येताना वेधशाळेत बोलावलं. टेबलावर जुनं रजिस्टर उघडं होतं. वर मोठ्या सरांचं तिरकं अक्षर, शाई तपकिरी पडलेली: ‘मला यायला उशीर झाला, निरीक्षण हुकलं.’ त्याच्याखाली निळ्या पेननं, ताजी, बाबांची ओळ.

“तू शिक्षिका आहेस,” ते म्हणाले. “शुद्धलेखन बघ.”

“बाबा, मी गणिताची.”

“तरी बघ.”

मी वाचलं. ‘सर वेळेवर आले होते. किल्ली माझ्याकडे होती. मी चाळीस सेकंद उशिरा पोचलो.’ खाली सही आणि त्या दिवसाची तारीख. माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, “सगळं बरोबर आहे, बाबा.” त्यांनी शाई वाळायची वाट पाहिली, रजिस्टर मिटलं आणि दोन्ही हातांनी उचलून कपाटात ठेवलं.